करमाळ्यातून पाहिलेला सिनेमा : प्रस्तावना

पिच्चर कसा आहे, असं आमच्याकडे कुणी विचारलं तर उत्तर गोष्टीपासून सुरू होत नाही, एखाद्या प्रसंगापासून सुरू होतं. ‘राष्ट्रगीत लागतं आणि डुक्कर निसटतं, तेवढं बघच.’ ‘पोरगी ट्रॅक्टर चालवत येते ना, तिथं थेटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी.’ नायक कोण, दिग्दर्शक कोण, गल्ला किती झाला, या गोष्टी नंतर. सांगणारा हातवारे करून प्रसंग उभा करतो, ऐकणारा मध्येच त्याला अडवतो, ‘तसं नाही, तो आधी मागं वळून बघतो’, आणि मग दोघांचं जुंपतं. शेजारचा तिसरा आपलं मत टाकतो. चहा गार होतो, विषय गार होत नाही.

हे पुस्तक अशा बोलण्यातून तयार झालं. करमाळ्याच्या बसस्थानकाजवळची टपरी, आठवड्याचा बाजार, केळीच्या बागेतली जेवणाची सुट्टी, लग्नात पंगत बसेपर्यंतचा रिकामा वेळ, अशा ठिकाणी वर्षानुवर्षं ऐकलेली आणि मांडलेली मतं मी वहीत उतरवत गेलो. त्या वह्यांतल्या निवडक नोंदी इथे आहेत. प्रत्येक नोंद एका प्रसंगावर आहे. सिनेमाचा इतिहास सांगणं किंवा त्याला तारे वाटणं हा या नोंदींचा उद्देश नाही. साधा प्रेक्षक एखादा प्रसंग का विसरत नाही, याचा शोध घेणं हा आहे. नोंदींकडे जाण्याआधी, त्या ज्या मातीत रुजल्या तिच्याविषयी चार गोष्टी सांगायला हव्यात.

करमाळा हा सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. एका बाजूला नगरचे कर्जत-जामखेड, दुसऱ्या बाजूला पुण्याचं इंदापूर, तिसरीकडे परांडा. पावसाचं प्रमाण बेताचं, ज्वारीचं रान, आणि दक्षिणेला भीमेवरच्या उजनीचा फुगवटा. देवीच्या माळावर रावरंभा निंबाळकरांनी बांधलेलं कमलाभवानीचं मंदिर आहे, ९६ खांबांचं. जवळच ९६ पायऱ्यांची विहीर आहे. पूर्वी बाहेरचा पाहुणा देवीसाठी यायचा. २०१६ नंतर तो दर्शन झाल्याबरोबर ‘सैराट’चं शूटिंग कुठं झालं, तेही विचारू लागला. एका सिनेमाने तालुक्याची ओळख बदलली, आणि तो सिनेमा याच तालुक्यातल्या जेऊरच्या माणसाने, नागराज मंजुळे यांनी, केला.

मात्र सिनेमा इथे त्याच्याही कितीतरी आधी आला. मराठी मुलखातल्या बहुतेक गावांप्रमाणे तो आधी तंबूतून आला. जत्रा भरली की मैदानात कनात उभी राहायची, ट्रकमधून प्रोजेक्टर आणि रिळांच्या पेट्या उतरायच्या, भोंग्यावरून जाहिरात सुरू व्हायची. आत जमिनीवरच बसायचं, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. रीळ तुटलं की शिट्ट्या. या फिरत्या टॉकीजच्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. ‘सैराट’ही त्याच वर्षीचा. तंबूतला सिनेमा आठवण होऊन पडद्यावर गेला, त्याच वर्षी तंबूत सिनेमा बघणाऱ्यांच्या मुलखाने स्वतःचा सिनेमा जगाला दाखवला. हा योग मला फार मोलाचा वाटतो.

तंबूनंतर व्हीसीआर आला. वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, चौकात मांडायचा आणि रात्रीत तीन-तीन पिच्चर बघायचे. ज्याला जमलं नाही त्याला दुसऱ्या दिवशी दुसरा कुणीतरी पिच्चर सांगायचा. हे सांगणं साधं नव्हतं. त्यात संवाद यायचे, पार्श्वसंगीत तोंडाने यायचं, मारामारीचे आवाज यायचे. गोष्ट कुठे थांबवायची, कुठे पळवायची, ऐकणाऱ्याला कुठे ताटकळत ठेवायचं, हे सगळं सांगणाऱ्याच्या हातात असायचं. नागराज मंजुळे लहानपणी शाळा बुडवून सिनेमे बघायचे आणि दोस्तांना त्यांच्या गोष्टी सांगायचे. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केलं, नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं आणि तिथे विद्यार्थी असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅमेरा हाती यायच्या कितीतरी आधी त्यांचं शिक्षण सुरू झालेलं होतं, असं मला वाटतं. पिच्चर सांगणाऱ्या पोराला दिग्दर्शनाचा पहिला धडा आपोआप मिळतो : समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत गोष्ट पुढे न्यायची.

म्हणून साध्या प्रेक्षकाच्या मताला मी हलकं मानत नाही. तो समीक्षकाच्या भाषेत बोलत नाही, पण त्याच्याकडे एक मोजमाप पक्कं असतं. पडद्यावरचं जगणं खरं आहे का, हे तो आधी तपासतो. विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या नटीच्या हाताला दोराची सवय आहे का? बैलाचा कासरा धरणाऱ्याने तो कसा धरलाय? भाकरी थापताना पीठ किती घेतलंय? पाटलाच्या वाड्यात गडी कुठे उभा राहतो, कुठे बसतो? हे चुकलं की त्याचा विश्वास उडतो आणि पुढची कितीही मोठी ट्रॅजेडी त्याला हलवत नाही. हे बरोबर जमलं, तर एक साधा प्रसंगही तो आयुष्यभर सांभाळतो.

याचं सगळ्यात जुनं उदाहरण म्हणून या पुस्तकात ‘संत तुकाराम’मधली आवली आहे. प्रभातचा हा सिनेमा १९३६ चा, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांची तल्लीनता थोरच आहे, पण आमच्या भागातल्या बायका-बाप्यांच्या तोंडी नाव असतं ते आवलीचं. ती भूमिका गौरीने केली. पोर आजारी पडलंय, घरात दाणा नाही, आणि ती हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात जाब विचारायला जाते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथले लोक हा प्रसंग बघत होते. देवाला शिव्या देणारी बाई बघून कुणाच्या भक्तीला धक्का लागला नाही, कारण अशी बाई प्रत्येकाच्या घरात होती. तिचं भांडण हीसुद्धा भक्तीच होती. तिच्या तोंडची बोली, कमरेवरचा हात, पायांची चाल यांत कुठेही नटवेपणा नाही. त्यानंतर बरोबर ८० वर्षांनी मराठी पडद्यावर ‘सैराट’मधली आर्ची आली, बुलेटवर बसलेली, मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगण्याची धमकी देणारी. अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूने ती उभी केली आणि तिच्या अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली. आवली आणि आर्ची यांना मी एका घरच्या मानतो. दोघींची बोली सोलापुरी-पुणेरी हद्दीवरच्या रानातली आहे आणि दोघी त्या बोलीत कुणालाही घाबरत नाहीत.

या दोघींच्या मध्ये एक मोठा सिनेमा येतो, ‘सामना’. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. जब्बार पटेल जन्माने पंढरपूरचे, व्यवसायाने दौंडचे डॉक्टर. म्हणजे ज्या ऊसपट्ट्यावर सिनेमा होता, तिथल्या माणसांची नाडी त्यांनी खरोखर हातात धरलेली होती. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव झालेले निळू फुले आणि दारूत बुडालेले मास्तर झालेले श्रीराम लागू. मारुती कांबळेचं काय झालं, हा मास्तरांचा एकच प्रश्न सगळ्या साम्राज्याला तडा देतो. १९७५ मध्ये हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवाच्या स्पर्धेत होता. माझ्या नोंदीत मी हिंदुरावांच्या पाहुणचारावर थांबलो आहे. मास्तरांना ते आपल्या घरी ठेवतात, खाऊपिऊ घालतात, सगळा कारभार हौसेने दाखवतात. तो पाहुणचार खोटा नाही. हिंदुरावांना खरंच वाटतं की आपण गावाचं भलं केलंय. निळू फुल्यांनी खलनायकाला असलेला हा विश्वास दाखवला, म्हणून त्यांचा हिंदुराव आजही आमच्या आसपास कुठेही ओळखू येतो.

‘सामना’तून ‘सैराट’कडे यायचं तर वाटेत उजनी लागते. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा ११७ टीएमसी. पाणी आलं आणि तालुक्याचे दोन भाग पडले. फुगवट्याकाठी ज्याची जमीन होती त्याने उपसा करून ऊस लावला, केळी लावली. कंदरची केळी परदेशी जाऊ लागली. उरलेलं रान पावसाकडे बघत राहिलं. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांनी त्याच पाण्यात जाळी टाकली. आता ‘सैराट’ आठवा. आर्ची बागायतदार राजकारणी पाटलाची मुलगी, परशा मासेमाराचा मुलगा. पाणी तेच, पण एकाला त्यातून बंगला, ट्रॅक्टर आणि सत्ता मिळाली, दुसऱ्याला होडी. जेऊर, कंदर, कुगाव, वांगी या परिसरात सिनेमाचं चित्रीकरण झालं. छायाचित्रकार सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ते पाणी, केळी आणि ऊस इतके देखणे दिसू दिले की बाहेरच्यांना आमचा तालुका स्वर्ग वाटला. आम्हाला मात्र त्या प्रत्येक चौकटीत कुणाचा बांध कुठे संपतो तेही दिसत होतं. प्रेमकथेचा सगळा ताण त्या बांधावर उभा आहे.

‘सैराट’च्या आधी मंजुळ्यांचाच ‘फँड्री’. या पुस्तकातली सर्वांत मोठी नोंद त्यातल्या एका प्रसंगावर आहे, म्हणून इथे त्यावर जरा थांबतो. १४ फेब्रुवारी २०१४ ला हा सिनेमा प्रदर्शित झाला. गोष्ट नगरजवळच्या अकोळनेरमध्ये घडते. कैकाडी कुटुंबातला जब्या शाळेत जातो, शालूवर त्याचं मन जडलंय, आणि काळी चिमणी जाळून तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल, अशी त्याची श्रद्धा आहे. जब्या झालेला सोमनाथ अवघडे आमच्याच तालुक्यातल्या केमचा. तिथे हलगी वाजवताना तो मंजुळ्यांच्या नजरेत भरला, आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाप कचरू माने झाले किशोर कदम.

तो प्रसंग असा. गावात डुकरांचा उपद्रव वाढलेला, म्हणून मान्यांच्या सगळ्या कुटुंबाला डुक्कर पकडायला लावलंय. शाळेजवळच पाठलाग चाललाय. गाव कडेला उभं राहून मॅच बघावी तसं बघतंय, हसतंय. जब्या वर्गातल्या पोरांपासून तोंड लपवतोय. डुक्कर कोंडीत सापडतं, आता पकडलंच, आणि तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मग बहीण, आई, बापही. दोर हातात, घाम निथळतोय, आणि सगळं कुटुंब निश्चल. डुक्कर मात्र शांतपणे निघून जातं.

थेटरात इथे लोक हसतात. मीही लोकांना हसताना ऐकलंय. पण ते हसू अर्ध्यात अडकतं. या कुटुंबाला गावाने माणूस म्हणून उभं राहू दिलेलं नाही, आणि राष्ट्रगीताला सगळ्यात इमानाने उभं राहतं ते तेच कुटुंब. शिस्त त्यांची, नुकसानही त्यांचंच. मंजुळे इथे एक शब्दही वापरत नाहीत. पुढे ते पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून शाळेच्या भिंतीवरून जातं आणि मागे बाबासाहेब, सावित्रीबाई, जोतीराव, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रं दिसतात. अशी भिंत आमच्या भागात जवळपास प्रत्येक शाळेला आहे. रोज तिच्यासमोरून जाऊन आपण काय बघत नव्हतो, हे त्या एका दृश्याने दाखवलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्याकडे. त्याबद्दल टपरीवर दोन मतं कायम असतात. काहींना वाटतं, तो गावावर मारलेला दगड आहे. मला वाटतं, तो हसणाऱ्यांवर मारलेला आहे, त्या राष्ट्रगीताच्या प्रसंगी हसलेल्या आपल्यावर.

मुलाने पडद्यातून प्रेक्षकाकडे बघण्याचा आणखी एक थोर शेवट जगाने पाहिला आहे. फ्रान्स्वा त्र्युफोच्या १९५९ च्या ‘द फोर हंड्रेड ब्लोज’मध्ये सुधारगृहातून पळालेला अंत्वान समुद्रापर्यंत धावतो, पाण्यात पाय टाकून वळतो, आपल्याकडे बघतो आणि चित्र थिजतं. त्याच्या नजरेत प्रश्न आहे. जब्याच्या हातात दगड आहे. अंत्वानला निदान धावायला समुद्र होता, जब्याला गावाची वेसही ओलांडता येत नाही. दोन्ही शेवट शेजारी ठेवले की दोन समाज दिसतात.

आता ‘सैराट’. बर्लिनमध्ये पहिला खेळ झाल्यावर २९ एप्रिल २०१६ ला तो महाराष्ट्रात आला आणि १०० कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा ठरला. साताऱ्याकडच्या रहिमतपूरला तर रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. संगीतकार अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. उसाच्या फडावर एवढी व्हायोलिनं कशाला, असं म्हणणारे लोक मला भेटलेत. मला तो निर्णय फार आवडला. मोठ्या घरच्या प्रेमालाच मोठं संगीत मिळावं, असा कायदा कुठे आहे? मासेमाराच्या पोराच्या मनात जे उसळतं ते तितकंच मोठं असतं.

‘झिंगाट’विषयी मात्र माझं एक ठाम म्हणणं आहे. हे गाणं आज प्रत्येक वरातीत वाजतं आणि मोबाइलवर तीस सेकंदांच्या तुकड्यात फिरतं. सिनेमात ते कुठे येतं, हे आपण विसरलो. आर्चीचा भाऊ प्रिन्स याच्या वाढदिवसाला ते येतं. परशा आणि त्याचे दोस्त पाटलांच्या समारंभात बेभान नाचतात, आणि त्याच रात्री दोघं पकडली जातात. तिथून पुढे गोष्ट रक्ताकडे वळते. म्हणजे ज्या आनंदावर आपण नाचतो, तो त्या पोरांना भीक म्हणून मिळालेल्या एका रात्रीचा आनंद आहे. प्रसंग सिनेमातून कापून काढला की त्याच्या आधीचं आणि नंतरचं गळून पडतं. या पुस्तकात प्रत्येक प्रसंगाच्या अलीकडचं आणि पलीकडचं मी आवर्जून लिहिलंय, ते यासाठीच.

‘सैराट’चा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग म्हणून बहुतेक लोक शेवट सांगतात. माझं मत वेगळं आहे. माझ्या लेखी तो मान हैदराबादच्या झोपडपट्टीतल्या पहिल्या दिवसांना आहे. सुमनअक्काने, म्हणजे छाया कदमने, दिलेली ती कळकट खोली. सार्वजनिक संडासाची दुर्गंधी सहन न होणारी, स्वयंपाक न येणारी, भाषा न कळणारी आर्ची. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी ही पोरगी तिथे रडते, चिडते, घराची आठवण काढते. पळून गेल्यावर काय, हा प्रश्न हिंदी-मराठी सिनेमा सहसा विचारत नाही. तो नायक-नायिकेला गाडीत बसवून देतो आणि ‘समाप्त’ची पाटी दाखवतो. मंजुळे आपल्याला त्या गाडीतून उतरवतात, भाड्याच्या खोलीत नेतात, दोघांना भांडू देतात, परशाला संशय घेऊ देतात, आर्चीला सोडून निघू देतात आणि परत यायला लावतात. प्रेम म्हणजे रोजचं काम आहे, हे इथे कळतं. आर्ची पुढे जे घर उभं करते ते कुणी तिला दिलेलं नाही, तिने कमावलेलं आहे. म्हणून शेवट एवढा खोल जातो.

त्या शेवटात काय काय आहे, ते नीट बघावं. दारात रांगोळी काढणारी आर्ची. माहेरचे लोक आलेत, आहेर घेऊन. चहा होतो. कुणी आवाज चढवत नाही. त्यानंतर आपण शेजारणीबरोबर बाहेर गेलेल्या लहान पोरासोबत परत येतो, आणि सगळा आवाज गेलेला असतो. पोराची रक्ताळलेली पावलं तेवढी दिसतात. मारणं दाखवलं असतं तर आपण मारेकऱ्यांवर संतापलो असतो आणि मोकळे झालो असतो. न दाखवल्यामुळे चहाचे कप, आहेर, रांगोळी, हे आपल्या घरातलं सगळं साक्षीदार होऊन बसतं.

हा शेवट भडक आहे, असं म्हणणाऱ्यांना मी एकाच गोष्टीची आठवण करून देतो. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या जामखेडमधल्या खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी, सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून, एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. खटल्यातले आरोपी पुढे निर्दोष सुटले. ‘सैराट’ आला तेव्हा त्या घटनेला दोन वर्षं होत होती. इथल्या प्रेक्षकाला शेवट भडक वाटला नाही, ओळखीचा वाटला. २०१८ मध्ये हिंदीत ‘सैराट’चा ‘धडक’ झाला तेव्हा गोष्ट उदयपूरला गेली आणि जातीची धार बोथट झाली. तिथे मुलगी वाचते. धक्का तिथेही आहे, पण त्याचं मूळ दिसेनासं झालं. प्रसंग उचलून नेता येतो, त्याची जमीन नेता येत नाही.

जमिनीवरून दुसरा एक प्रसंग आठवतो. सत्यजित राय यांच्या १९५५ च्या ‘पथेर पांचाली’त अपू आणि दुर्गा पांढऱ्या काशफुलांच्या रानातून धावत रेल्वे बघायला जातात. एका दिवसाचं चित्रीकरण करून राय आठवड्याने परत गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकली होती, आणि पुढच्या हंगामाची वाट बघावी लागली. ही हकिगत मी जेऊरला एका गुराख्याला सांगितली. तो म्हणाला, ‘मग खरं रान होतं ते.’ त्याने तो सिनेमा पाहिलेला नव्हता, पण इतकं नेमकं परीक्षण मी क्वचित ऐकलंय. जेऊर आणि केम ही दोन्ही गावं पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहेत. रुळाकाठी वाढलेल्या पोरांना अपूची ती धाव बंगाली येत नसतानाही समजते.

आणखी एक प्रसंग सांगून हा भाग संपवतो. मंजुळ्यांचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये आला. त्यात आंबेडकर जयंतीच्या दिवशी अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेला हात जोडतात. व्हीसीआरवर ज्यांनी ‘दीवार’ आणि ‘शोले’ पाठ केले, त्या पिढीतल्या वस्तीवरच्या माणसांसाठी ते दोन क्षण काय होते, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. इतकी वर्षं त्यांनी अमिताभला आपलं मानलं होतं. त्या दिवशी पडद्याने त्यांना आपलं मानलं.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी. नोंदींचे चार भाग केले आहेत. पहिल्या भागात तंबूच्या आणि व्हीसीआरच्या काळातले हिंदी-मराठी प्रसंग आहेत. दुसऱ्यात ग्रामीण मराठी सिनेमा आहे, त्यात ‘पिंजरा’पासून ‘टिंग्या’, ‘वळू’, ‘ख्वाडा’पर्यंतची निवड आहे. तिसरा भाग पूर्णपणे नागराज मंजुळे यांच्या कामावर आहे. चौथ्या भागात देशातले आणि देशाबाहेरचे सिनेमे आहेत, पण तेही इथल्या डोळ्यांनी पाहिलेले. नोंदी सलग वाचण्याची गरज नाही. जो सिनेमा तुम्ही पाहिलाय तिथून सुरुवात करा आणि माझ्या मताशी भांडा. एखादा सिनेमा पाहिला नसेल तर तो आधी पाहा, मग नोंद वाचा. प्रसंगाचा पहिला अनुभव हा ज्याचा त्याचा हक्क आहे.

या मतांना माझं नाव लागलं असलं तरी ती एकट्याची नाहीत. पिच्चर सांगणारे दोस्त, भर उन्हात केळीचे घड वाहताना संवाद म्हणणारे मजूर, आणि विशेषतः बायका. थेटरात त्यांना फार उशिरा जागा मिळाली, पण कुठल्या पात्राची नियत कशी आहे हे त्यांनी नेहमी आधी ओळखलं. आवली आणि आर्चीवरच्या नोंदी मी त्यांच्याकडून शिकून लिहिल्या आहेत. या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

तरुण वाचकांना एक विनंती करतो. तुमच्या हातातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे, आणि तुमच्या आसपास अजून न सांगितलेली कितीतरी माणसं आहेत : ऊसतोडीला जाणारी, फुगवट्यात जाळी टाकणारी, केमला कुंकू तयार करणारी, एसटीची वाट बघत अभ्यास करणारी. आवडलेला प्रसंग का आवडला, हे आधी मित्राला नीट सांगून बघा. तो मध्येच अडवेल, चूक काढेल, वाद घालेल. त्या वादातून तुमची नजर तयार होईल. जेऊरच्या एका पोराची तशीच झाली. पुढचा सिनेमा या तालुक्यातून यायचा असेल तर तो अशाच एखाद्या वादातून येईल, अशी माझी खात्री आहे.